पट्टा, चिलखत आणि भाता

बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला जी गावे दिली त्यांत पाबळ आणि लोणी यांच्या जोडीने केंदूरचे नाव येते. तिचा मुलगा समशेर बहाद्दर पुढे मराठ्यांच्या फौजेतला नावाजलेला सरदार झाला. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर लढला, जखमी होऊन निघाला आणि भरतपूरच्या मुलखात वारला. एवढे आपल्याला ठाऊक असते. पण त्या दिवशी त्याच्या अंगावर काय होते? चिलखत असेल तर ते किती वजनाचे, आणि त्याच्या आत कापूस भरलेली बंडी होती की नाही? हातातले पाते इकडच्या पोलादाचे की फिरंग्यांच्या देशातून आलेले? धार बोथटल्यावर ती लावून द्यायला तळावर कोण बसलेले असे? घोड्यावरून वार करताना मनगट वळत होते की सगळा जोर खांद्यातून येत होता? बखरकाराला या गोष्टी लिहाव्याशा वाटल्या नाहीत, कारण त्याच्या काळात त्या सगळ्यांना माहीत होत्या. आपल्या काळात त्या जवळजवळ कोणालाच माहीत नाहीत.

हे पुस्तक त्या प्रश्नांचे आहे. लढायांच्या तारखा आणि सरदारांची चरित्रे इथे ओघाने येतील तेवढीच. मुख्य विषय आहे वस्तू, वस्तू घडवणारा हात आणि ती चालवणारा हात.

शिरूर-दौंडच्या वाचकासाठी तर हा विषय घरचाच आहे. भीमा, घोड आणि वेळ या नद्यांचा हा मुलूख फौजांच्या वाटेवर होता. दौंडच्या पलीकडे भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड, इकडे तुळापूर आणि वढू, आणि १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ते कोरेगाव. केंदूर म्हटले की संत कान्हुराज पाठक आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येऊन औत धरणारे शिपाईही अशाच गावांमधले होते. त्यांची नावे दगडावर नाहीत. जुन्या देवळाच्या आवारात कुठे वीरगळ उभा असेल तर त्यावरचा वीरही बहुधा निनावीच असतो. खालच्या चौकटीत झुंज, वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. आपण शेंदूर लावून हात जोडतो. खालच्या चौकटीतल्या वीराने ढाल कशी धरली आहे, तलवारीचे टोक सरळ आहे की वळलेले, पायात अंतर किती आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही. यादव आणि शिलाहार काळातल्या हत्यारांचा एवढा जवळचा पुरावा दुसरा नाही, आणि तो उन्हापावसात झिजतो आहे.

शस्त्राचे ज्ञान आपल्याकडे तीन ठिकाणी विखुरले. चालवण्याचे ज्ञान तालमीत, वस्तादाच्या अंगात राहिले. घडवण्याचे ज्ञान लोहार आणि शिकलगाराकडे राहिले. नोंदींचे ज्ञान मोडी कागदांत, चित्रांत आणि संग्रहालयाच्या काचेआड गेले. हात, आग आणि कागद, असे मी त्यांना म्हणतो. या तिघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. पट्टा फिरवणाऱ्या मुलाला त्याच्या पात्यातले पोलाद कसले हे माहीत नसते. संशोधकाने कधी चिलखत अंगावर चढवलेले नसते. लोहाराला तर कोणी विचारायलाच जात नाही. मला या पुस्तकातून एकच गोष्ट सांगायची आहे: हे तीन पुरावे एकमेकांवर तपासल्याशिवाय मराठ्यांच्या शस्त्रांविषयी आपण जे बोलतो त्यातले बरेचसे ऐकीव राहते.

आधी हात. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. त्यापूर्वीच फौजा मोडल्या होत्या आणि वस्तादांची पोटे उघडी पडली होती. तरी विद्या टिकली, ती तालमींनी टिकवली. पुण्यातल्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. त्यांचे वडील १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. मुलाने उरलेले आयुष्य दांडपट्टा, नेमबाजी आणि कुस्ती शिकवण्यात घातले. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले. ही विद्या एका जातीची कधीच नव्हती, हे लहुजींच्या तालमीकडे पाहिले की दिसते. मांग, महार, रामोशी, कोळी, धनगर, मराठा, मुसलमान, ब्राह्मण, सगळ्यांनी ती राखली. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ म्हणून तिला आजवर जपले. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यातून प्रोफेसर माणिकराव घडले, आणि त्याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्यांत फरी-गदका, बोथाटी, पट्टा, जंबिया यांचे हात चित्रांसह उतरवले आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आले. या माणसांचे ऋण मानल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही.

मात्र टिकवताना एक गोष्ट निसटली, आणि ती मोठी आहे. आज मर्दानी खेळ म्हणजे प्रात्यक्षिक. शिवजयंतीला, रायगडावर ६ जूनला, गणपतीच्या मिरवणुकीत पोरे-पोरी पट्टा फिरवतात, लाठीची चक्रे काढतात, डोळे बांधून माणसाच्या अंगावर ठेवलेले लिंबू कापतात. पाहताना छाती भरून येते. यात मुलींचा वाटा दर वर्षी वाढतो आहे, याचा मला विशेष आनंद आहे. पण समोरचा माणूस मुद्दाम चुकवतो, उलटा वार करतो, तुमच्या पवित्र्यातली फट शोधतो, अशी खरी झुंज यात क्वचितच असते. आणि झुंज नसेल तर कोणता हात लढाईचा आणि कोणता टाळ्यांचा हे कळणार कसे?

जुन्या वस्तादांना हे कळत होते, म्हणून त्यांनी झुंजीची सुरक्षित हत्यारे केली होती. गदका म्हणजे चामडे चढवलेली काठी, फरी म्हणजे हातात मावणारी लहान चामडी ढाल. दोघे समोरासमोर येत, वार लागला की लागला म्हणून मोजला जाई, डोके फुटत नसे. बोथाटी तर त्याहून बोलकी. भाल्याच्या टोकाला फाळाऐवजी लाकडी गोळा, त्यावर कापड गुंडाळलेले आणि ते रंगात बुडवलेले. घोडेस्वार एकमेकांवर चाल करून येत आणि अंगावर उमटलेला रंग निकाल सांगे. युरोप-अमेरिकेत आज जे लोक मध्ययुगीन झुंज पुन्हा उभी करतात ते बोथट तलवारी, जाळीचे मुखवटे आणि गुणलेखनाचे नियम यांवर फार डोके चालवतात. आपल्याकडे त्याची तयार परंपरा होती. ती आपण प्रात्यक्षिकाच्या नादात मागे टाकली. ती परत आणली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पट्टा. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाला, अभ्यास व्हायचा आहे. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक. मूठ म्हणजे कोपराच्या अलीकडेपर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबळी. तिच्या आत मुठीत धरायची आडवी दांडी, आणि मागच्या बाजूला हाताला वेढणारी पट्टी. ही रचना हातात चढवली की पहिल्याच क्षणी कळते की मनगट बांधले गेले. तलवारीत मनगटाने जे करता येते ते इथे येत नाही. वार खांद्यातून, कमरेतून, पायांतून काढावा लागतो. म्हणून पट्टेकरी थांबत नाही. एक फेरा पुरा होईतो दुसरा सुरू झालेला असतो, कारण फेरा मध्येच अडवला की सगळा झोल अंगावर येतो. पट्ट्याचे हात वर्तुळात का आहेत, याचे उत्तर असे हत्याराच्या बांधणीत आहे. पण त्याच बांधलेल्या मनगटामुळे सरळ खुपसताना हात आणि पाते एक होतात आणि भाल्यासारखा जोर मिळतो. हा उपयोग आजच्या प्रात्यक्षिकांत फार कमी दिसतो.

सभासद बखरीत प्रतापगडाच्या, म्हणजे अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगी सय्यद बंडाच्या हाती पट्टा आहे आणि जिवा महाला त्याला आडवा येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने ती बखर १६९० च्या दशकात जिंजीला लिहिली, म्हणजे प्रसंगानंतर तीन-चार दशकांनी. फिरत्या पट्ट्याच्या आवाक्यात आखूड हत्याराचा माणूस शिरतो कसा? आत शिरायला फेऱ्याचा कोणता क्षण मोकळा असतो? दोन सावध खेळाडू, बोथट पट्टा, गदका आणि डोक्याला शिरस्त्राण घेऊन हा प्रश्न मैदानावर विचारता येतो. प्रतापगडावर नेमके असेच घडले, असे त्यातून सिद्ध होत नाही. काय शक्य होते आणि काय अशक्य, एवढे मात्र कळते, आणि इतिहासात तेवढेही पुष्कळ असते. याच बखरीत सिंहगडावर तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही आणि तो डाव्या हाताचीच ढाल करून लढतो. ती ओळ आपण शौर्य म्हणून वाचतो, आणि ते शौर्य आहेच. पण तलवारबाजाच्या नजरेने वाचली तर त्यात आणखी दिसते: ढाल नसलेल्या डाव्या बाजूवर येणारा वार घेण्यावाचून इलाज उरला नव्हता, आणि झुंज फार काळ चालणे शक्य नव्हते.

ढालीचेही तसेच. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची गोल ढाल, वर चार फुल्या. त्या फुल्या शोभेच्या वाटतात, पण मागच्या कड्या ज्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात त्यांची ती डोकी. मागे बोटांच्या सांध्यांसाठी लहान गादी. कड्यांना बांधलेले दोन्ही पट्टे एका मुठीत धरले की ढाल पुढे ढकलता येते, हात त्यांतून सरकवला की ती कोपरावर जाते आणि पंजा लगामाला मोकळा होतो. घोडेस्वाराची गरज कारागिराने किती बारकाईने ओळखली होती!

तलवारीच्या मुठीबद्दल एक जुना गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रजांना आपल्याकडच्या मुठी लहान वाटल्या आणि त्यांनी लिहून ठेवले की इथल्या माणसांचे हात लहान. मूठ घट्ट बसावी म्हणूनच ती तशी केलेली असते. वरची थाळीसारखी चकती मनगटाला टेकते आणि तलवार सैल फिरू देत नाही. मग वार आपोआप ओढून कापणारा होतो, आणि वाकड्या पात्याचे काम तेच आहे. फिरंग नावाच्या तलवारीचे पाते सरळ, तिला पुढे पंजा झाकणारी परज आणि चकतीच्या वर एक गज. तो गज डाव्या हाताने धरून दोन हातांचा वार करता येतो. मूठ हातात घेतल्याशिवाय हे समजत नाही. काचेबाहेरून तर नाहीच.

फिरंगेचा विषय निघालाच आहे तर नागपूरकर रघूजी भोसले यांच्या तलवारीबद्दल सांगायला हवे. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला तिचा लिलाव झाला, महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय बनावटीचे, मुठीवर सोन्याचे काम, पाठीवर देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव. युरोपातली पाती, विशेषतः जर्मनीतल्या सोलिंगनची आणि इटलीतल्या जिनोआची, समुद्रमार्गे येत, आणि इथले कारागीर त्यांना आपल्या घाटाची मूठ चढवत. स्वराज्याची हत्यारे सगळी इथेच, इथल्याच लोखंडातून झाली, असे मानून चालणाऱ्याला हे खटकते. मला त्यात कमीपणा दिसत नाही. जगातले चांगले पाते ओळखून, विकत घेऊन, ते आपल्या हाताला बसेल असे करून घेणे ही मोठी जाण आहे.

शिवाय व्यवहार दोन्ही बाजूंनी होता. दक्खनचे पोलाद जगात प्रसिद्ध होते. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी मुशीत पोलाद होई आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येऊन बसत. शुद्ध लोखंडाचे तुकडे आणि कर्ब देणारे लाकूड-पाला मातीच्या मुशीत बंद करायचे, भट्टीत बराच वेळ तापवायचे, मग अगदी सावकाश निवू द्यायचे. दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असलेला पोलादाचा गोळा मिळे. त्याला तापवण्यात किंचित जास्त झाले की तो घणाखाली फुटतो. त्याचे पाते ओढणे म्हणजे लोहाराची परीक्षा.

म्हणून आता आग. लोहाराकडे आपण फाळ आणि विळा पाजवून घ्यायला जात होतो. आता तेही कमी झाले. भाता, ऐरण, घण, सांडशी, छिन्नी, कानस, एवढ्या सामानावर तो जे करतो ते शब्दांत मांडायला गेले तर मोठे शास्त्र निघते. पात्याला पाणी देण्यापूर्वी ते किती तापले हे तो रंगावरून ओळखतो, आणि म्हणून सावलीत काम करतो. सुमारे ७७० अंशांना लोखंड लोहचुंबकाला चिकटणे सोडते. पाणी देण्याची उष्णता त्याच्या थोडी वर. एकदम निववले की पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. मग ते पुन्हा हलके तापवायचे. पाते घासून उजळ केलेले असले तर त्यावर रंग धावताना दिसतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. चाकूला पिवळ्यावर थांबायचे, तलवारीला निळ्याकडे न्यायचे, कारण तलवार वाकून परत सरळ झाली पाहिजे. हे तंत्र शिकायला आज सगळ्यात सोयीचा माल म्हणजे मालमोटारीची कमानपाटी. तिच्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कर्ब असतो, आणि खेड्यातले लोहार तिच्यापासून कोयते करतातच. जुने मुशीतले पोलाद आणि कमानपाटी एक नव्हे, हे प्रयोग करणाऱ्याने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

लोहारानंतर शिकलगार. पाते घासणे, चकाकी देणे, धार लावणे हे त्याचे काम. फौजेबरोबर शिकलगार चालत. फौजा गेल्या तसे हे लोक सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरू लागले, आणि पुढे तर समाजाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. ज्यांच्या हातून मराठ्यांच्या तलवारी लखलखल्या त्यांच्या वंशजांची कला कोणी लिहून घेतली नाही, ही खंत माझ्या मनात फार दिवस आहे. म्यान करणारा सुतार, त्यावर चामडे किंवा मखमल चढवणारा, ढाली करणारा चांभार, मुठीवर सोन्याची तार बसवणारा सोनार, हे सगळे एका तलवारीमागे उभे असत. तलवार सरदाराची म्हणून ओळखली गेली.

चिलखताला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण आपण त्याच्याबद्दल सर्वांत कमी जाणतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली जिरेटोप घातला, हे पोरासोरांनाही पाठ आहे. चिलखत म्हणजे कड्यांचे विणकाम. प्रत्येक कडी चार कड्यांत अडकलेली. पूर्ण बाह्यांच्या एका चिलखताला वीस-पंचवीस हजार कड्या सहज लागतात. चांगल्या चिलखतात कडीची टोके चपटी करून, एकावर एक ठेवून, त्यांत बारीक रिबीट ठोकलेली असे. मधल्या ओळी अखंड कड्यांच्या. उतरत्या काळातल्या चिलखतांत कड्या नुसत्याच जुळवलेल्या सापडतात. बारीक काम, दिसायला देखणे, पण टोकदार हत्यार आत घुसले की कडी उघडते. आज बाजारात आणि नाटकांच्या कपडेपटात मिळणारी चिलखते बहुतेक या दुसऱ्या जातीची असतात. त्यांवर वार करून पाहून शिवकाळाविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

चिलखताचे वजन साधारण दहा किलोच्या आसपास. ते सगळे खांद्यांवर येते. कमरेला शेला किंवा पट्टा घट्ट आवळला आणि वरचे विणकाम थोडे फुगवून घेतले की बरेचसे वजन कमरेवर उतरते, आणि माणूस पळू शकतो. महाराजांच्या अंगावर शेला होता की नव्हता, हा प्रश्न म्हणून पोशाखाचा राहत नाही. चिलखत कापणाऱ्या वाराला अडवते, पण गदेचा, गुर्जाचा दणका आत पोहोचतो. म्हणून आत जाड शिवणीची कापसाची बंडी हवीच. आणि अरुंद टोकाची कट्यार कड्या फोडते. कित्येक कट्यारींची टोके त्यासाठी मुद्दाम जाड केलेली दिसतात. दक्खनी चिलखतांचे चांगले नमुने पाहायचे तर बिकानेरला जावे लागते. १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला पडला तेव्हा बिकानेरच्या राजा अनूपसिंहांनी विजापूरकरांचे साहित्य तिकडे नेले, कोरड्या हवेत ते टिकले. आपल्याकडे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, औंधचे श्रीभवानी संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, एवढे तरी या पुस्तकाच्या वाचकाने पाहावे, आणि वही-पेन्सिल घेऊन पाहावे.

कागदाबद्दल थोडक्यात. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये राजवाडे-मेहेंदळे यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ, ही दोन दारे या अभ्यासाला ठोठवावीच लागतात. सरदेसायांनी दफ्तराचे पंचेचाळीस भाग छापले, ते राजकारणाच्या अंगाने. हत्यारांची खरेदी, दुरुस्ती, कारागिरांची मजुरी हे जमाखर्चाच्या रुमालांत आहे आणि ते मोडीत आहे. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी पत्रांइतकेच हिशेबांकडेही वळावे.

बाहेरच्या जगात हे काम जोरात चालते. अमेरिकेत १९६६ पासून मध्ययुगीन झुंजीचे हौशी मंडळ आहे. डेन्मार्कमध्ये लायर येथे १९६४ पासून जुनी घरे, जुनी अवजारे करून आणि वापरून पाहतात. फ्रान्समध्ये गेडेलाँला १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने सबंध किल्ला बांधला जात आहे, खाणीपासून चुन्यापर्यंत. तलवारबाजीत त्यांच्याकडे शिकवण तुटली, पण सुमारे १३०० सालापासूनची सचित्र पुस्तके उरली. ती वाचून ते हात पुन्हा बसवतात. आपल्याकडे उलटे आहे. पुस्तके फारशी नाहीत, वस्तादांची परंपरा जिवंत आहे. जिवंत वस्ताद पुस्तकासारखा शतकभर थांबत नाही, म्हणून आपली घाई मोठी.

ते लोक एक शिस्त पाळतात, ती घेण्यासारखी आहे. केलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ते लिहितात की कोणता भाग पुराव्यावर आहे, कोणता अंदाजाने आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्यात ठेवली गेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून तिकडे गेलेली. अफझलखानाच्या वेळची तीच ही, याची खात्री देता येत नाही असे ते संग्रहालय स्वतः सांगते. त्याने आपली श्रद्धा कमी होण्याचे कारण नाही. श्रद्धेला पुराव्याची गरज नसते, पण अभ्यासाला असते. या पुस्तकात जिथे अंदाज आहे तिथे तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

एक कडक सूचनाही इथेच. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्रकायद्याच्या कक्षेत येते. मिरवणुकीत धारेच्या तलवारी नाचवणे म्हणजे मर्दानी खेळ नव्हे. कोणताही चांगला वस्ताद शिष्याच्या हातात पहिले वर्षभर काठीशिवाय काही देत नाही. प्रयोग बोथट हत्यारानेच, डोळ्यांना आणि डोक्याला संरक्षण घालूनच, आणि वस्तादाच्या देखत करावेत.

हे काम पुण्या-मुंबईच्या संशोधकांनीच करावे असे नाही. केंदूरच्या परिसरात ते अधिक चांगले होईल. पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करत शिकण्याच्या तत्त्वावर. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती शिकून आपल्या पायांवर उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरू झालेल्या पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. म्हणजे भाता आणि संगणकावर मापे घेणारे यंत्र दोन्ही एका पंचक्रोशीत आहेत. याच शिरूर तालुक्यात घोडकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची भट्टी, सोनाराचे, चुना भाजणाऱ्याचे घर उजेडात आणले. कारागिराच्या घरातून इतिहास वाचता येतो, हे या तालुक्याच्या मातीतच दाखवले गेले आहे. शाळेतल्या मुलांनी दिवाळीत किल्ले करतानाच एखादी फरी, एखादा गदका, हातभर कड्यांचे विणकाम करून पाहिले तर सुरुवात झाली म्हणायची.

आता वाचकाला विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, देवघरात जुनी तलवार, कट्यार, ढाल, भाल्याचे पाते असेल तर खंडेनवमीला तिची पूजा जरूर करा, पण चिंचेने, विटकरीच्या भुकटीने किंवा कानशीने ती घासू नका. त्या घासण्यात पात्यावरची लोहाराची खूण, पोलादाची नक्षी आणि कोरीव अक्षरे कायमची जातात. कोरड्या सुती फडक्याने पुसा, मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, चामड्याच्या म्यानातून काढून कोरड्या जागी ठेवा. लांबी, रुंदी, वजन मोजा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि घरात तिच्याविषयी जे सांगतात ते थोरल्या माणसांच्या शब्दांत लिहून ठेवा. परवान्याची बाब असेल तर ती रीतसर पुरी करा. आणि गावात भाता चालवणारा एखादा म्हातारा लोहार अजून असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन बसा, तो काय करतो ते विचारा आणि त्याचे नाव घालून लिहून घ्या.